अकरा नंबरची जर्सी

"तगारे, तुम्ही नुसते बसा. बोलायचं काम माझं," पेठेकाका म्हणाले आणि भडंगाची पुडी उघडून त्यांनी माइकच्या शेजारी ठेवली.

बाबांनी पुडीकडे पाहिलं. मग माइककडे. मग डाव्या हाताने ती पुडी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवली.

"बघितलंस, शरयू? बोलणं बंद झालं, पण मास्तरकी चालूच आहे."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मला राग आला असता. पेठेकाकांचा आला नाही. बाबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस त्यांच्याशी हळू आवाजात, आजारी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचा. पेठेकाका एकटे पूर्वीसारखे मोठ्याने बोलत, स्वतःच्याच विनोदावर हसत आणि बाबांच्या बशीतलं बिस्कीट उचलून खात.

सांगलीतल्या कृष्णाकाठ क्रीडा मंडळाचं ते मैदान. सिमेंटचं कोर्ट, एका बाजूला प्रेक्षकांना बसायच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला मांडवाखाली समालोचकांचं टेबल. एप्रिलमधलं ऊन नुकतंच कललं होतं. मुलींच्या बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता. गावातलं केबल चॅनल तो दाखवणार होतं, आणि पेठेकाकांचा आवाज मैदानावरच्या कर्ण्यांमधूनही ऐकू येणार होता. टेबलामागच्या दोन खुर्च्या वर्षानुवर्षं या दोघांच्या. तिसरी माझ्यासाठी कुणीतरी आतून आणून ठेवली होती.

बाबा कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून खेळले. मग शाळेत खेळाचे शिक्षक झाले आणि संध्याकाळी या मंडळाच्या पोरापोरींना शिकवू लागले. पुढे रेडिओला बास्केटबॉल कळणारा आणि मराठीत न अडखळता बोलणारा माणूस हवा होता, तेव्हा कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं. तयारी म्हणून त्यांनी घरात आईच्या स्वयंपाकाचं समालोचन सुरू केलं. "पोळी उजव्या हातातून डाव्या हातात, डाव्या हातातून तव्यावर... आणि फुगली!" आईने लाटणं उगारलं तेव्हा थांबले. रेडिओनंतर केबल आलं, आवाज तोच राहिला. त्यांचा एक नियम होता, तो ते पेठेकाकांना माइक चालू असतानाही ऐकवत: "चेंडू कुठंय ते आधी सांगा. बाकीचं मग."

पेठेकाका बँकेतले. जन्मात कधी चेंडू हातात धरलेला नाही, पण कुठल्या साली कोण किती गुणांनी जिंकलं हे त्यांना पाठ. बाबा खेळ सांगत, पेठेकाका मधल्या जागा भरत. आणि चुकत. ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू न आपटता हातात धरून चालणं, आणि डबल ड्रिबल यांतला फरक त्यांना एवढ्या वर्षांत कळला नव्हता. ते चुकले की बाबा तिथल्या तिथे दुरुस्त करत, पेठेकाका "हो हो, तेच ते" म्हणत, आणि घरोघरी लोक हसत. पुष्कळांना सामन्यापेक्षा तेच ऐकायला आवडायचं.

मी मात्र सामने पाहत नसे. मी बाबांची एकुलती मुलगी. शाळा सुटली की त्यांच्याबरोबर मैदानावर जायचे, पण संघाच्या बाकाच्या शेवटच्या टोकाला बसून पुस्तक वाचायचे. बाबांनी मला कधी "खेळ" म्हटलं नाही. बदली खेळाडूला मैदानात घ्यायचं असलं की ते बाकाकडे न बघताच नंबर पुकारायचे. "नऊ, आत!" "सहा, आत!" माझ्या शेजारची मुलगी उठून पळायची आणि मी पान उलटायचे.

त्या दिवशीही माझ्या पिशवीत पुस्तक होतं.

झटका आदल्या गणपतीत आला होता. उजवा हात आणि पाय हळूहळू सावरले. काठी घेऊन ते चालायला लागले. वाचा सावरली नाही. पहिल्या आठवड्यात ते बोलायला जात आणि भलताच शब्द बाहेर येई. पाणी हवं असायचं आणि ते म्हणायचे, "खिडकी." आपण चुकीचं बोललो हे त्यांना त्याच क्षणी कळायचं. पुन्हा प्रयत्न करायचे. पुन्हा, "खिडकी." असं काही दिवस चाललं आणि मग त्यांनी तोंड मिटून घेतलं. मान हलवायची, बोट दाखवायचं, बस्स.

त्यांना बोलतं करायला येणाऱ्या माने मॅडम एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "शब्द आहेत हो त्यांच्याकडे. चुकायची तयारी नाही. आणि चुकल्याशिवाय काही शब्द परत येणार नाहीत. जितका उशीर होईल तितकं अवघड होत जाणार."

मी पुण्यात एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते. चूक सहन न होणं म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माझी रजा संपत आली होती. बाबांनी पुन्हा घडाघडा बोलावं अशी माझी अपेक्षा राहिलेली नव्हती. एकदा "शरू" अशी हाक मारली असती तरी मी समाधानाने पुण्याला गेले असते.

मैदानावर यायला ते तयार नव्हते. पेठेकाकांनीच काढलं घराबाहेर. दारात रिक्षा उभी करून ते म्हणाले, "तगारे, आज मी एकटा आहे. तुम्ही नाही आलात तर अख्खा सामना मी बोलणार." बाबा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले आणि बूट घालायला बसले.

सामन्याआधी उस्मान टेबलापाशी आला. उस्मान मुल्ला, बाबांचा जुना विद्यार्थी. बाबांनंतर मंडळाच्या मुलींना तोच शिकवत होता. तो वाकून बाबांच्या पाया पडला.

"सर, इचलकरंजीच्या पोरी उंच हायेत. पण आपल्या पळतात. बघाच तुम्ही."

बाबांनी मैदानाकडे बोट केलं आणि मग स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे.

"व्हय सर, निघालोच."

पण तो माझ्याजवळ घुटमळला. "बरे दिसत्यात की सर."

"हो," मी म्हटलं. मी त्याच्या संघाकडे पाहिलं. "तुझ्या मुलींच्या जर्सीवर अजून जुनेच आकडे?"

पूर्वी बास्केटबॉलच्या जर्सीवर चार ते पंधरा हेच आकडे असायचे. आता कुठलाही चालतो. इचलकरंजीच्या मुली तेवीस, सत्त्याहत्तर असले नंबर घालून सराव करत होत्या.

"सरांची पद्धत, शरूताई. चार कॅप्टनचा. पंधरा बाकावर शेवटी बसणाऱ्याचा."

"आणि अकरा?"

"अकरा न्हाई." तो हसला. "सरांनी कधी कुणाला दिला न्हाई, मग मी कसा देऊ? मी मागितला होता एकदा. कॉलेजात नुकता गेलो होतो, खेळ बी जोरात होता. म्हटलं, सर, सात नको, मला अकरा द्या. तर म्हणाले, तो दिलाय."

"कुणाला?"

"आता सरांना उलट विचारायची कुणाची छाती होती?"

अकरा हा बाबांचा कॉलेजातला नंबर. आपला नंबर दुसऱ्याच्या पाठीवर त्यांना बघवत नसणार, असं सगळे समजत. मीही तसंच समजत होते. एवढा एक गर्व त्यांना शोभतो, असं मला वाटायचं.

शिट्टी झाली आणि पेठेकाकांनी सुरुवात केली.

"नमस्कार, नमस्कार मंडळी! काय ते ऊन, काय ती गर्दी! याच मैदानावर मागे एकदा असा सामना झाला होता, की अर्ध्यातच लाइट गेले, आणि लोकांनी आपापल्या स्कूटरचे दिवे लावून..."

मैदानात एक बास्केट झाला. पेठेकाका अजून स्कूटरवर होते.

बाबांनी टेबलावर बोट आपटलं.

"हो, तर चेंडू... चेंडू आहे मैदानातच."

पायऱ्यांवर हशा पिकला. बाबांनी डोळे मिटून घेतले.

असंच चाललं. पेठेकाकांनी एका मुलीचं आडनाव दुसरीला दिलं, फ्री थ्रो चुकला असताना गुण जाहीर केला, पुडी जवळ ओढून माइकसमोर भडंग खाल्लं. ते कुरुमकुरुम बहुधा नदीपलीकडेही ऐकू गेलं असेल. बाबा खुर्चीच्या कडेला सरकत गेले होते. त्यांचा डावा हात सारखा हलत होता, चेंडूच्या मागे मागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला त्यांच्याकडे बघवेना. आपण त्यांना इथे आणायला नको होतं असं वाटू लागलं. घरी निदान पडदा ओढून घेता येत होता.

शेवटचं सत्र सुरू झालं तेव्हा दोन्ही संघ बरोबरीच्या आसपास होते. उस्मानच्या नऊ नंबरच्या मुलीला पास मिळाला. समोर दोन उंच मुली आल्या, ती गोंधळली आणि चेंडू दोन्ही हातांत घट्ट धरून तशीच चालत सुटली. पंचाची शिट्टी. पंचाने छातीसमोर दोन्ही मुठी एकीभोवती एक गरागरा फिरवल्या.

"आणि हा डबल ड्रिबल!" पेठेकाका ओरडले.

बाबांनी डावी मूठ हवेत फिरवली. पेठेकाकांचं लक्ष नव्हतं.

"डबल ड्रिबल म्हणजे काय मंडळी, तर चेंडू आपटायचा, मग धरायचा, आणि पुन्हा आपटायचा. नवशिक्या मुली ही चूक फार करतात..."

मूठ आणखी जोरात फिरली. बाबांच्या मानेवरची शीर फुगली होती. मी पेठेकाकांच्या बाहीला हात लावणार होते. का कोण जाणे, लावला नाही.

"आज आमचे तगारे बोलत असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, की हा अगदी स्वच्छ डबल..."

"ट्रॅव्हलिंग."

शब्द कर्ण्यांमधून बाहेर पडला आणि समोरच्या पायऱ्यांवर आपटून परत आला. आवाज जाड होता, बरेच दिवस न उघडलेल्या दारासारखा. पण बाबांचाच होता. ते माइकवर वाकलेले होते आणि स्वतःच दचकले होते.

मी पेठेकाकांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं, ओठाला शेंगदाण्याचं साल चिकटलं होतं. त्या क्षणी त्यांनी आनंदाने आरोळी ठोकली असती, बाबांना मिठी मारली असती, देवाचं नाव घेतलं असतं, तर काय झालं असतं कोण जाणे. बाबांनी बहुतेक पुन्हा तोंड मिटलं असतं. पेठेकाकांनी ते साल पुसलं आणि माइकमध्ये म्हणाले,

"हो हो, तेच ते."

पायऱ्यांवर आधी हसू उमटलं आणि मग टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेनात.

मैदानाच्या पलीकडे उस्मान वळून आमच्याकडे बघत होता. त्याने एक तळहात आडवा धरला, त्याला दुसऱ्या हाताची बोटं उभी टेकवली आणि टाइमआउट, म्हणजे मिनिटभराचा थांबा, मागितला. त्याच्या मुली पळत त्याच्याभोवती जमल्या. तो त्यांना तिथेच सोडून भर कोर्टावरून चालत आमच्या टेबलापाशी आला.

"सर?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"टाइम... आउट."

"व्हय सर, घेतला."

"शेव... शेवटचा?"

"व्हय सर. शेवटचाच उरलावता."

"वाया."

"व्हय सर," उस्मान म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता.

"जा."

"व्हय सर!" तो पळत सुटला. मुलींना काही सांगायला वेळच उरला नव्हता, टाइमआउट संपला होता.

खेळ सुरू झाला. बाबांनी डाव्या हाताने माइक स्वतःकडे ओढला. पेठेकाकांनी खेळाडूंच्या नावांचा कागद उचलला आणि खुर्ची जरा मागे घेतली, पूर्वी घ्यायचे तशी.

"चेंडू," बाबा म्हणाले. आणि थांबले. मैदानावर मुली पळत होत्या, तरी सगळे कर्ण्यांकडे कान लावून बसल्यासारखे गप्प होते. "चेंडू... सहाकडे."

"सहा नंबर, कोळेकर," पेठेकाका म्हणाले.

"सहा... डावीकडून. पास. नऊ. नऊ... वर... नाही. रिंगवर. रिबाउंड... तेवीस."

"तेवीस नंबर, मगदूम. इचलकरंजीची."

"तेवीस पळतेय. पळतेय. समोर... चार. चार आडवी. पास... गेला. गेला बाहेर."

शब्द एकेक करून येत होते, पण येत होते. चेंडूचा वेग वाढला तसा त्यांचाही वाढला. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते, मुलगी परीक्षेत पाठांतर म्हणत असताना आई बसते तशी.

मग उस्मानच्या सहा नंबरने दोघींच्या मधून उडी मारून चेंडू टाकला.

"सहा... वर... आणि... खिडकीत!"

बाबांनी ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर तेच आलं, जे त्या पहिल्या आठवड्यात यायचं. पायऱ्यांवर कुणीतरी फिसकन हसलं.

"खिडकीत!" पेठेकाका आनंदाने ओरडले. "थेट खिडकीत, मंडळी! दोन गुण!"

पण समोर चेंडू थांबलेला नव्हता. इचलकरंजीच्या मुलीने तो रेषेबाहेरून आत फेकला होता, तेवीस नंबर तो घेऊन निघाली होती, आणि कुणीतरी तो कुठंय ते सांगायला हवं होतं.

"चेंडू तेवीसकडे," बाबा म्हणाले. "मधून. चार मागे. चार मागे..."

त्यानंतर ते अजून दोनदा खिडकी म्हणाले. एकदा तर पंचाला म्हणाले.

सामना आपण हरलो. अगदी शेवटी एका गुणाने मागे असताना मुलींना थांबवून दोन शब्द सांगायची गरज होती, आणि उस्मानकडे टाइमआउट नव्हता. मुली टॉवेल गळ्यात अडकवून त्याच्याभोवती उभ्या राहिल्या. त्यांची कॅप्टन रडवेली झाली होती.

"सर, तो टाइमआउट मगाशी का घेतला तुम्ही?"

"चुकलं."

"मग हसताय काय?"

"हरलो म्हणून रडतो की उद्या. आज हसू दे."

गर्दी पांगली तरी बाबा खुर्चीतून उठले नाहीत. पेठेकाका त्यांच्यासमोर उभे राहिले आणि छाती पुढे काढून म्हणाले, "तगारे, ओळखलंत का? नाव सांगा माझं."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ शोधलं. नाव येत नव्हतं, ते दिसत होतं. मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या उस्मानकडे बोट केलं.

"सात."

"बरोबर सर! माझाच नंबर!"

बोट पेठेकाकांकडे वळलं. बाबांच्या तोंडाचा डावा कोपरा किंचित वर गेला.

"पंधरा."

"पंधरा? अहो, म्हणजे बाकावर शेवटचा?"

"पंधरा," बाबा ठामपणे म्हणाले.

"काय माणूस आहे! आठ महिन्यांनी तोंड उघडलं, ते माझा अपमान करायला!" पेठेकाका म्हणाले आणि पाठ वळवून त्यांनी चष्मा पुसला. तो पुसायला त्यांना फार वेळ लागला.

मी बाबांच्या पुढ्यात बसले. "बाबा, मी?"

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत ओळख होती, पुरेपूर होती. ओठ उघडले, मिटले. मग थकून त्यांनी मान खुर्चीला टेकवली.

"राहू दे गं आता," पेठेकाका हळूच म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. "दमलेत ते."

राहू देण्यासारखंच होतं. रिक्षात मी त्यांच्या शेजारी बसले, पेठेकाका पुढे चालकाच्या बाजूला अर्धे बाहेर लटकून बसले आणि घर येईपर्यंत त्यांनी चालकाला अख्खा सामना सांगितला. मार्केट यार्डावरून येताना हळदीचा वास आला. बाबांनी तो जोरात ओढून घेतला आणि म्हणाले, "डावीकडे," आणि रिक्षा खरोखरच डावीकडे वळली. मला हसू आलं आणि ते थांबवता येईना.

आई फाटकात उभी होती. तिने केबलवर सगळं ऐकलं होतं. हाताला कणीक तशीच, डोळे सुजलेले, पण ती रिक्षापाशी आली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "उतरा सावकाश. काठी कुठाय?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "चार."

"काय चार?"

"कॅप्टनचा नंबर, वहिनी," पेठेकाका म्हणाले.

"बरं झालं," आई म्हणाली, "उशिरा का होईना, कबूल तरी केलंत."

पुढची सहा वर्षं बाबा असेच बोलले. नावं त्यांना परत कधी आली नाहीत. बाकीचं पुष्कळ आलं, आणि ते जवळजवळ सगळं समालोचनातून आलं. चहा हवा असला तर ते म्हणत, "चार ओट्याकडे... पातेलं वर..." आणि आई म्हणे, "आणते, आणते, एवढं सगळ्या गावाला ऐकवू नका." पेठेकाकांबरोबर ते पुन्हा टेबलावर बसू लागले, आणि घरोघरी लोक पुन्हा हसू लागले. माने मॅडम म्हणाल्या, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. यंदाच्या श्रावणात बाबा गेले. स्मशानात पेठेकाका एक शब्दही बोलले नाहीत. तेवढं एक मला सहन झालं नाही.

हल्ली मला ती सहा वर्षं एकत्र आठवत नाहीत. आठवते ती त्या सामन्याच्या दिवशीची संध्याकाळ.

पेठेकाका घरी गेले होते. आत आई पानं घेत होती. मी बाहेरच्या पायरीवर पुस्तक उघडून बसले होते आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. मन हलकं झालं होतं, खोटं कशाला बोलू. एका कोपऱ्यात जरासं खुपत होतं, इतकंच. ज्यांना जर्सी होती त्यांना त्यांनी नंबरावरून ओळखलं होतं. ज्यांना नव्हती त्यांना स्वभाव पाहून नंबर दिला होता. मी तर बाकाच्या टोकाला खाली मान घालून बसणारी मुलगी. मला काय म्हणणार?

"अकरा," आतून बाबांचा आवाज आला.

त्यांना स्वतःचे खेळायचे दिवस आठवत असतील, असं वाटून मी बसून राहिले.

"अकरा!"

आई हात पुसत दारात आली. "अगं, ऐकू येत नाही का? केव्हाची हाक मारतायत तुला."

"मला? अकरा तर त्यांचा नंबर."

"त्यांचा होता. तू झालीस त्या वर्षी मंडळातली अकरा नंबरची जर्सी घरी घेऊन आले. म्हणाले, ही आता हिची. दुसऱ्या कुणाला म्हणून दिली नाही पुन्हा. माझ्या कपाटात आहे की अजून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मी म्हणत होते, पोरीला सांगा तरी. तर म्हणाले, सांगितलं की माझ्यासाठी म्हणून खेळेल बिचारी. पुस्तक सोडून मनात आलं तर येईल आपणहून. तोवर नंबर ठेवू राखून." आईने पदर खोचला. "नंतर तू कॉलेजात गेलीस, पुण्याला गेलीस. मी म्हटलं, आता तरी देऊन टाका कुणाला. ऐकतात होय!"

आत पाट सरकवल्याचा आवाज झाला. ताटावर वाटी वाजली. मग बाबांचा आवाज आला, मैदानावरचा, बाकाकडे न बघता यायचा तसा, थोडा चिडलेला.

"अकरा, आत!"

मी पुस्तक पायरीवर टाकलं आणि उठून पळाले.